रेव्हरंड टिळकांच्या कविता : निसर्ग, श्रद्धा आणि दीड तासाचा कार्यक्रम

कोरा_कागद (धागाकर्ता)

९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन (१९१९). त्यानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात दीड तासाचा वाचन-गायनाचा कार्यक्रम आखतो आहोत. सूत्र ठरलंय 'निसर्ग आणि श्रद्धा'. श्रोते दोन तऱ्हेचे असतील. काहींना टिळकांची गीतं 'उपासना संगीत' या चर्चमधल्या गीतपुस्तकातून तोंडपाठ आहेत, पण बाकीच्या कविता माहीत नाहीत. काहींना शाळेतली एखादी पक्ष्याची कविता आठवते आणि अभंगांचा पत्ता नाही.

विचारायचं ते असं : कविता कोणत्या क्रमाने घ्याव्यात? वृत्तातल्या कविता वाचाव्यात की गाव्यात? चरित्र किती सांगावं? आणि 'फुलामुलांचे कवी' या बिरुदापलीकडे निवेदनात काय असावं? चार फुलं, दोन पाखरं, शेवटी प्रार्थना असला गुळमुळीत प्रकार टाळायचा आहे.

---

लघुगुरू

सुरुवात 'केवढे हे क्रौर्य' या घायाळ पक्षिणीच्या कवितेपासून करा, आणि ती कविता गाऊ नका. म्हणा. वृत्तात, स्वच्छ, पेटीशिवाय.

कवितेचा मुख्य भाग पृथ्वी वृत्तात आहे. गण (तीन-तीन अक्षरांचे गट) ज, स, ज, स, य आणि शेवटी ल (लघू, आखूड अक्षर), ग (गुरू, लांब अक्षर). ओळीत १७ अक्षरं, आठव्या अक्षरानंतर यती (थांबा) :

क्षणोक्षणि पडे, उठे | परि बळे, उडे बापडी

लघू-गुरू मांडले तर ल ग ल, ल ल ग, ल ग ल, ल ल ग, ल ग ग, ल ग. म्हणजे १७ पैकी १० अक्षरं लघू आणि ७ गुरू. गुरू अक्षर येतं न येतं तोच पुन्हा लघू सुरू. घायाळ पक्षिणीची धडपड ओळीच्या चालीतच आहे, निवेदकाने आवाज कापरा करायची काही गरज नाही.

शेवटचं कडवं मात्र वेगळ्या वृत्तात आहे, आणि बहुतेक वाचक तिथेच घसरतात. 'मातीत ते पसरले अति रम्य पंख' ही वसंततिलका : त, भ, ज, ज, ग, ग. अक्षरं १४, त्यांत ७ लघू आणि ७ गुरू. पृथ्वी लघूने उडी घेऊन सुरू होते, वसंततिलका 'मा-ती' अशी दोन गुरूंवर बसते. पक्षीण जमिनीवर पडते आणि वृत्तही तिच्याबरोबर खाली येतं. ज्याला हा बदल माहीत नाही तो शेवटचं कडवं मागच्याच झोकात रेटतो, तिसऱ्या-चौथ्या अक्षराला अडखळतो आणि मग गद्यासारखं वाचून संपवतो. त्या कडव्याआधी पूर्ण एक श्वास थांबा.

---

मुद्रितशोधक

वरच्या मुद्द्याला जोडून. कविता टंकून घेताना ऱ्हस्व-दीर्घ 'सुधारू' नका. आजच्या शुद्धलेखनाने 'क्षणोक्षणी' बरोबर, पण चौथं अक्षर लघूच हवं, म्हणून 'क्षणोक्षणि'. दुसऱ्या ओळीत 'येउनी' आहे. त्याचं 'येऊनी' केलंत की सातवं अक्षर गुरू होतं आणि ओळ तिथे तुटते. वृत्तासाठी कवितेला ऱ्हस्व-दीर्घाची सूट आहे, हे टंकलेखकाला आधीच सांगून ठेवा. संगणकावरचा शुद्धलेखन तपासनीस बंद ठेवा, तो एका रात्रीत सगळी कविता गद्य करून टाकतो.

जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायचं ('रम्य'मधला र), पण म्ह, ण्ह, ऱ्ह यांच्याआधीचं नाही. मराठीत तिथे आघात येत नाही. चरणाचं शेवटचं अक्षर लघू असलं तरी गुरू मोजायचं. 'पंख'मधला ख त्यातलाच.

वाचणाऱ्याच्या हातातली प्रत १६ आकाराच्या ठशात, यतीच्या जागी बारीक उभी रेघ मारलेली, आणि कडवं पानाच्या मध्ये तुटणार नाही अशी. कडवं तुटलं तर पान उलटताना यती भलत्या जागी पडते.

---

रानभूकमळ

निसर्ग आणि श्रद्धा हे सूत्र घेतलंय तर दुवा सरळ आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणं झालं, मग धर्मावर, आणि त्यांनी टिळकांना नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणाले. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी (अध्याय ५ ते ७) येऊन खिळले. त्याच प्रवचनात सहाव्या अध्यायात आकाशातली पाखरं आहेत (वचन २६) आणि रानातली भूकमळं (लिलीची फुलं) आहेत (वचन २८). फुलं-पाखरं तिथूनच आली, असं निवेदन करता येईल.

---

लघुगुरू

नाही पटत. फुला-पाखरांची माया टिळकांना बायबलातून 'मिळाली' असं म्हटलं तर त्यांची आधीची सगळी घडण पुसली जाते. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे ते संस्कृत शिकले. पारध्याच्या बाणाने पडलेला क्रौंच त्या शिक्षणात पहिल्या पायरीवर भेटतो, रामायणाचा श्लोकच त्या शोकातून फुटला अशी कथा आहे. मराठीत रघुनाथ पंडिताच्या नलदमयंती-आख्यानातला हंस आहेच : म्हातारी आई, नुकती व्यालेली बायको, आणि नळराजाच्या मुठीत सापडलेला तो.

टिळकांनी त्या परंपरेतलं नेमकं काय बदललं ते बघा. नळ हंसाला सोडून देतो. क्रौंचाच्या मरणावर ऋषी शाप देतो. टिळकांच्या कवितेत सोडणारा कोणी नाही की शापणारा कोणी नाही. पक्षीण पिलांच्या तोंडी चारा घालते, रक्ताने घरटं भिजू नये म्हणून झाडाखाली येऊन पडते आणि मरते. 'थोर बुद्धिबल' यासारखे टोमणे माणसाला मिळतात, तेवढेच.

---

रानभूकमळ

पण हेच तर ख्रिस्ती वळण नव्हे का? मारणाऱ्याला शाप नाही, आणि मरणारी शेवटपर्यंत दुसऱ्यांसाठी.

---

लघुगुरू

तसं वाचता येतं, वाचावंही. फक्त निवेदनात 'बायबल वाचलं म्हणून ही कविता झाली' असं कार्यकारण लावू नका. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना पाखरं दाखवली नाहीत, ती ते आधीपासून बघत होते. त्या पाखरांकडे बघणारा बाप दाखवला. असं मांडलंत तर तुमचे दोन्ही तऱ्हेचे श्रोते एका जागी येतील.

---

करजगाव_फाटा

चरित्र किती, या प्रश्नाला उत्तर : आठ मिनिटं, तीही सलग नको. कवितांच्या मधे पेरा. एका वेळचं निवेदन दीड मिनिटाच्या वर, म्हणजे पावणेदोनशे शब्दांच्या वर गेलं की श्रोते खुर्च्या हलवायला लागतात.

न चुकता यावेत असे टप्पे : जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव, तालुका दापोली. आईचं प्रेम आणि वडिलांचा जाच, मग आई गेल्यावर नाशिक. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न, त्याच लक्ष्मीबाई. मग नोकऱ्या धरणं-सोडणं, नागपूर, राजनांदगाव. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. पुढे अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशन, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा. १९१२पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा.

जाहिरातींत आणि सूत्रसंचालनात नेहमी होणाऱ्या चुका : 'ज्ञानोदय' टिळकांनी काढलं असं सांगितलं जातं. ते १८४२पासून निघत होतं, टिळकांच्या जन्माच्या १९ वर्षं आधीपासून. दुसरी, फलकावर लोकमान्यांचा फोटो. हसू नका, 'टिळक' एवढाच शब्द छपाईवाल्याला दिला की हे होतं. पूर्ण नाव द्या आणि फोटोही स्वतः द्या. तिसरी, बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईही लगेच सोबत गेल्या असं समजणं. मधली चार-साडेचार वर्षं दोघं वेगळे होते, त्यातला बराच काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा, राहुरीचा.

---

टाळकरी

आता अभंगांकडे. वृत्तातल्या कवितांनंतर अभंग घेतलेत तर टिळकांचा प्रवास कानालाच कळतो, वेगळं सांगावं लागत नाही. संस्कृत वृत्तं घोटलेला माणूस देवाशी बोलायची वेळ आली तेव्हा तुकोबाच्या छंदाकडे वळला. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत.

मोठा अभंग : चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंग : आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, यमक शेवटी. इथे लघू-गुरू मोजायचे नाहीत, नुसती अक्षरं. त्यामुळे गाताना अक्षर लांबवायची मोकळीक आहे, आणि वृत्तवाचनाची सवय लागलेला गायक नेमकी तीच मोकळीक घेत नाही. अभंग पाढ्यासारखा म्हणतो. उलट भजनी मंडळाला पृथ्वी दिली की ते तिला भजनी ठेक्यात बसवायला बघतात. आठ मात्रांच्या आवर्तनात पृथ्वीची ओळ मात्रा मोजून बसते (लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन; १० लघू, ७ गुरू, मिळून २४ मात्रा, म्हणजे बरोबर तीन आवर्तनं), पण यती समेशी (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेशी) भांडते. आठ अक्षरांच्या पहिल्या तुकड्यात मात्रा ११ आहेत, म्हणजे तोडायची जागा दुसऱ्या आवर्तनाच्या पोटात येते. म्हणून लघुगुरू म्हणतात ते बरोबर : वृत्त म्हणा, अभंग गा. ही कामं दोन वेगळ्या माणसांना द्या.

साथीला पेटी, तबला किंवा पखवाज, आणि टाळ दोनच जोड्या. बंद सभागृहात चार जोड्या वाजल्या की शब्द बुडतात, आणि श्रोत्यांनी हे शब्द पहिल्यांदाच ऐकायचे आहेत. पट्टी बाईंसाठी काळी चार किंवा पाच, बुवांसाठी काळी एक किंवा दोन. समूहाने धरायचं धृपद असेल तर बाईंची पट्टी अर्ध्या-एका सुराने खाली घ्या. कसलेल्या गळ्याला सोपा वाटणारा वरचा सा श्रोत्यांना झेपत नाही आणि सभागृह गप्प बसतं.

एक अभंग धृपदाच्या आवृत्त्यांसह पाच-सहा मिनिटं घेतो. दीड तासात पाचच घ्या. गीत 'उपासना संगीता'तलं असेल आणि तिथे चाल दिलेली असेल तर तीच ठेवा. चर्चमधले लोक आपोआप उचलतात. त्याच गीताला नवी चाल लावण्याचा मोह झाला तर श्रोत्यांतले निम्मे जुन्या चालीत, निम्मे नव्या चालीत, असा गोंधळ ठरलेला.

'दास' ही टिळकांची नाममुद्रा. 'तुका म्हणे'च्या जागी ती येते. ती ओळ घाईने संपवू नका, धृपदाकडे परतायच्या आधी एकदा सुटी म्हणा.

---

वसईवाला_वारा

कार्यक्रमाऐवजी सरळ कीर्तनच का नाही? नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्याही आधीची, कृष्णराव सांगळ्यांपासूनची. बांधणी तयारच असते : नमन, पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण, मध्यंतर, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना.

---

टाळकरी

कीर्तनकार हाताशी असेल तरच. निरूपण पाठ करून येत नाही, आणि वाचून दाखवलेलं कीर्तन फार केविलवाणं दिसतं. शिवाय कीर्तनात सगळा भार एका अभंगावर येतो. धागाकर्त्याला निसर्गकविता आणि अभंग दोन्ही हवेत. बांधणी मात्र उसनी घ्या. पूर्वरंगाच्या जागी वृत्तातल्या कविता, उत्तररंगाच्या जागी अभंग, आणि मध्यंतरात हार-बुक्क्याऐवजी लक्ष्मीबाईंचा एक उतारा.

---

स्मृतिगंध

लक्ष्मीबाईंना मध्यंतर म्हणून वापरणार? बरं, जागा तरी चांगली द्या. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रातला उतारा चार मिनिटांचा निवडा, आणि तो विनोदी असू द्या. श्रद्धा आणि निसर्ग म्हटल्यावर सगळे गंभीर चेहरे करून बसतात, आणि टिळकांच्या घरातला निसर्ग म्हणजे बाजारात पाठवलेला कवी भलतंच काही घेऊन परत येणे, हाही होता. लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. तो उतारा बाईनेच वाचावा, अभिनय न करता. तिची वाक्यं आखूड आहेत, ती आपलं काम आपण करतात.

'ख्रिस्तायन' या ख्रिस्तचरित्रावरच्या महाकाव्याचा उल्लेख करणार असाल तर अर्धवट करू नका. टिळकांच्या हातून सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. अनेक ठिकाणी नुसतं 'टिळकांचं महाकाव्य' लिहिलेलं सापडतं. अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या बाईने महाकाव्याचे ६४ अध्याय रचले, ही गोष्ट एका वाक्यात उरकायची नाही.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, वृत्त आणि अभंग वेगवेगळ्या माणसांकडे देतो. दोन शंका. बालकवी घ्यावेत का? ते नगरला टिळकांच्या घरी राहत होते, आणि निसर्ग म्हटलं की लोक त्यांचीच अपेक्षा धरतील. दुसरं, उत्तरार्धातल्या अभंगांत फुलं-पाखरं कमी दिसतात. मग सूत्र तिथे तुटत नाही का?

---

करजगाव_फाटा

बालकवींचा उल्लेख करा, कविता घेऊ नका. 'फुलराणी' सुरू झाली की सभागृह तिच्या मागे जातं आणि परत येत नाही. दोघांतला फरक दोन वाक्यांत सांगता येतो : बालकवींच्या निसर्गात माणूस विरघळतो, टिळकांच्या निसर्गात माणसाला जबाबदार धरलं जातं. फूल रानात एकटं आहे तर त्याला शोधायला कोणी गेलं का? 'वन सर्व सुगंधित झाले' या ओळीने सुरू होणारी कविता त्यासाठीच घ्या. चौदा मात्रांची हलकी ओळ आहे, मुलांकडून म्हणून घेता येते.

---

रानभूकमळ

दुसऱ्या शंकेबद्दल. सूत्र तुटत नाही, नातं बदलतं. आधीच्या कवितांत पिलांना भरवणारी आई दिसते ती पक्ष्यांत. अभंगांत तीच माउली ख्रिस्त होते आणि पिलू होतो कवी. ख्रिस्ताला माउली म्हणणं हे वारकऱ्यांचं बोलणं, विठाबाई म्हणायची सवय असलेल्या महाराष्ट्रात ते ओळखीचंच वाटतं. तेव्हा 'क्रौर्या'नंतर मधे दुसरं काही न आणता माउलीचा अभंग लावा. निवेदन नको, जोडणी ऐकणाऱ्याला करू द्या.

---

लघुगुरू

हे आवडलं. फक्त 'क्रौर्या'ला शेवटचं कडवं संपल्यावर टाळ्या पडू देऊ नका. पेटीवाल्याने 'श्रमही निमाले' या शेवटच्या शब्दांवर षड्ज धरायचा, टाळ्यांना जागाच राहत नाही.

---

मंगळूर_मराठी

थोडं अवांतर. फुलांची उपमा घेऊन ख्रिस्ती लेखन मराठीत टिळकांच्या फार आधी आहे. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. त्यात भाषेची थोरवी सांगताना मोगरी आणि कस्तुरी येते. तो माणूस इंग्रज, त्याने ओवी उचलली. टिळकांनी अभंग उचलला. तीनशे वर्षांच्या अंतराने दोघंही संतांच्याच छंदाकडे गेले. प्रास्ताविकात एक मिनिट देता येईल.

---

मुद्रितशोधक

एक मिनिट द्या, पण ओव्या वाचू नका. ती भाषा कानावर पहिल्यांदा पडते तेव्हा अर्थ लागत नाही, आणि समजावून सांगायला गेलात तर दहा मिनिटं गेली.

वेळेचा हिशेब मांडून ठेवतो. दीड तासातली पहिली दहा मिनिटं उशिरा येणाऱ्यांची आणि स्वागताची, ती गेलीच समजा. पाच अभंग, अठ्ठावीस मिनिटं. वृत्तातल्या आणि मात्रावृत्तातल्या पाच कविता, सतरा. लक्ष्मीबाई चार. चरित्राचं विखुरलेलं निवेदन आठ, बाकी जोडनिवेदन दहा. उरली तेरा. आभाराला तीन द्या आणि बाकीची दहा मोकळी सोडा, एखादं गीत लोक उचलून धरतील तेव्हा लागतात. ती भरायला सहावा अभंग घालू नका.

रंगीत तालीम घड्याळ लावून, उभं राहून करा. बसून केलेली तालीम नेहमी कमी वेळ दाखवते, कारण माइकपर्यंत चालत जाणं आणि पेटी लावून घेणं त्यात धरलेलं नसतं.

---

टाळकरी

आणि तबला सभागृहात तासभर आधी आणून ठेवा. मे महिन्यात बाहेरच्या उन्हातून पंख्याखाली आणलेला तबला पहिल्याच अभंगात सुरावरून ढळतो.